युरोपची रेल्वे आणि पाठीवरची सॅक

मंडळी, युरोपला जायचं ठरलं की आपल्याकडे आधी व्हिसाची चर्चा होते, मग तिकिटांची, मग हॉटेलांची. सामानाचा विषय निघतो तो निघायच्या आदल्या आठवड्यात, आणि तोवर घरातली मोठी बॅग माळ्यावरून खाली उतरलेली असते. रेल्वेने आणि स्वतःच्या हिमतीवर फिरायचं असेल, तर माझं सांगणं आहे की युरेलचा, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांच्या रेल्वेत चालणारा, पास काढायच्या आधी सॅक ठरवा.

तिकडच्या बहुतेक स्टेशनांवर हमाल नसतात. गाडी दोन-तीन मिनिटं थांबते. डब्याचा दरवाजा काही ठिकाणी फलाटाच्या पातळीला असतो, तर जुन्या गाड्यांना दोन-तीन उंच पायऱ्या चढून आत शिरावं लागतं. स्वित्झर्लंडचं उदाहरण घ्या. १९८२पासून तिथलं वेळापत्रक ठरावीक अंतराने गाड्या सोडण्याच्या तत्त्वावर बसवलेलं आहे. मोठ्या जंक्शनवर चहूकडून गाड्या तासाच्या किंचित आधी येतात आणि तासाच्या किंचित नंतर सुटतात. म्हणून गाडी बदलायला पाच-सात मिनिटं देतात, आणि तेवढी पुरतातही, सामान आटोपशीर असेल तर. झुरिकच्या मुख्य स्टेशनात ३ ते १८ हे फलाट वर आहेत, ३१ ते ३४ आणि ४१ ते ४४ जमिनीखाली. लिफ्ट आहेत, पण त्यांच्यापुढे बाबागाड्या आणि मोठ्या बॅगा घेतलेल्यांची रांग असते. पाठीवर सॅक असलेला माणूस सरकत्या जिन्याने निघून जातो.

इटलीत तर स्टेशनाबाहेर पडल्यावर खरी परीक्षा सुरू होते. व्हेनिसच्या सांता लुचिया स्टेशनसमोरच्या पायऱ्या उतरलात की पुढ्यात मोठा कालवा. गल्ल्यागल्ल्यांतून जाताना दर थोड्या अंतरावर पूल लागतो आणि पुलाला दोन्हीकडून पायऱ्या. चिंक्वे तेर्रे या किनाऱ्यावर कॉर्नील्या नावाचं गाव आहे. स्टेशन खाली समुद्राजवळ, गाव वर कड्यावर, आणि मध्ये विटांचा नागमोडी जिना, पावणेचारशेहून जास्त पायऱ्यांचा. स्टेशनहून छोटी बस जाते, पण ती चुकली की हा जिना आहेच.

म्हणून सॅक किती लिटरची, हा प्रश्न मी नंतर विचारतो. आधी हे बघा, की न थांबता चार मजले चढून किती वजन नेता येतं आणि तेवढंच वजन डोक्यावरच्या रॅकवर कुणाच्या मदतीविना ठेवता येतं का. घरीच करून पाहा. सॅकमध्ये तांदूळ-डाळीच्या पिशव्या भरा, काट्यावर सात किलो करा, सोसायटीचा जिना चढा-उतरा, मग ती कपाटावर ठेवा. नाही जमलं तर एकेक किलो काढत जा. अनेक विमान कंपन्या केबिनमध्ये सात-आठ किलोच चालवून घेतात, त्यामुळे हा आकडा तसाही उपयोगी पडतो. एवढ्या सामानाला ३५ ते ४० लिटर पुरतात. रिकामी सॅक सव्वा किलोच्या आसपास असावी. चाकांची केबिन बॅग रिकामीच अडीच-तीन किलोंची असते, म्हणजे सात किलोतला मोठा वाटा तीच खाते. पाठीचं किंवा मानेचं दुखणं असेल तर मात्र चाकांचीच घ्या, त्यात कमीपणा काही नाही. फक्त लहान घ्या.

सह्याद्रीत भटकणाऱ्यांच्या घरी साठ लिटरची सॅक असतेच, आणि तीच न्यावी असं वाटतं. ती किल्ल्यावर मुक्कामाला उत्तम. तंबू, स्लीपिंग बॅग, शिधा असं सगळं तिच्यात मावतं. पण तिच्यातली जागा रिकामी राहत नाही, आपण ती भरतो. शिवाय ती वरून उघडते. रात्रीच्या नाइटजेट गाडीत सहा बर्थच्या कूपेत बाकीचे झोपले आहेत, दिवे बंद आहेत, आणि तुम्हाला तळातला स्वेटर हवा आहे. वरून उघडणाऱ्या सॅकमधून आधी सगळं बर्थवर काढावं लागतं. तिन्ही बाजूंनी चेन असलेली, सूटकेससारखी पूर्ण उघडणारी सॅक असेल, तर एक कोपरा उघडून हात घातला की काम झालं. रेल्वेसाठी मी हीच सुचवीन.

लहान सॅकचा आणखी एक फायदा, माझ्या मते सर्वांत मोठा. ती तुमच्याजवळ राहते. पाठीला पाठ लावून असलेल्या दोन सीटांमध्ये खाली त्रिकोणी जागा असते, तिथे ती बसते, नाहीतर डोक्यावरच्या रॅकवर. मोठी बॅग दाराजवळच्या रॅकमध्ये ठेवावी लागते आणि प्रत्येक स्टेशनला मान वळवून तिच्याकडे बघत बसावं लागतं. बाहेर राइन नदी वाहत असते, आणि आपली नजर दाराकडे.

आता अंगावर नीट बसण्याबद्दल, कारण इथे दुकानात सर्वांत कमी लक्ष दिलं जातं. तुमची उंची महत्त्वाची नाही, पाठीची लांबी महत्त्वाची आहे. मान खाली घाला, मानेच्या तळाशी जो मणका ठळकपणे हाताला लागतो तिथून मोजायला सुरुवात करा. दोन्ही हात कमरेच्या हाडांवर ठेवा, अंगठे मागे. अंगठ्यांना जोडणारी रेषा पाठीच्या कण्याला जिथे छेदते तिथपर्यंत टेप धरा. घरातल्या कुणाकडून तरी मोजून घ्या. सॅकची पाठ या मापाची हवी. कमरेचा पट्टा पोटावर नाही, कमरेच्या हाडांवर बसला पाहिजे. तो आवळल्यावर खांद्यांवरचा भार एकदम हलका झाला, तर माप बरोबर आहे. खांदे तसेच ओढत राहिले, तर कितीही सवलत असो, ती सॅक तिथेच ठेवा. अनेक बायकांना पुरुषांच्या मापाची सॅक लांब होते आणि त्या निमूट सोसतात. सोसू नका, आखूड पाठीची मागा.

पावसाचं थोडक्यात सांगतो. वरचं कव्हर पाठीच्या बाजूने पाणी अडवत नाही, हे पावसाळ्यात राजगड केलेल्यांना ठाऊक आहे. आत एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी घाला.

खाण्याचं काय, हे विचारणार हे माहीत आहे. चिवडा, खाकरे, उपम्याची पाकिटं यांना एक ठरावीक पिशवी द्या, ती भरली की थांबा. तूप, पेढे, दुधाची पावडर मात्र नेऊ नका. बाहेरच्या देशांतून येणाऱ्या प्रवाशांना दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला युरोपीय संघात बंदी आहे. विमानतळावर ते काढून घेतात. सुका खाऊ आठवडाभरात संपतो आणि त्या जागेत तिथल्या बाजारातली फळं आणि पाव मावतात.