लेव्हल: सपाटही तीच, उंचीही तीच

नमस्कार मंडळी. माझ्या हातात ही नळी बघा. बांधकामावरची, पारदर्शक, बोटभर जाडीची, आत पाणी भरलेलं. आमच्या बेळगावात हिला लेव्हल पाईप म्हणतात. आज मला बोलायचंय ते हिच्या नावातल्या पहिल्या शब्दावर.

फरशी लेव्हलमध्ये आहे. आजीची शुगर लेव्हल वाढलीय. पोरगी जिल्हा लेव्हलला कबड्डी खेळून आली. धाकट्याचा मोबाईलवरचा गेम कुठल्याशा लेव्हलला अडकलाय. आणि कुणाचं कौतुक करायचं झालं तर, 'त्याची लेव्हलच वेगळी!'

आता जरा थांबून बघा. फरशी लेव्हलमध्ये आहे म्हणजे ती कुठे उंच नाही, कुठे सखल नाही. पण जिल्हा लेव्हल, राज्य लेव्हल म्हणताना तोच शब्द पायऱ्या दाखवतो, खालची कुठली आणि वरची कुठली. चढउतार नाही हे सांगायलाही लेव्हल, आणि चढउतार मोजायलाही लेव्हल. हे कसं काय?

याचं उत्तर मला या नळीने दिलं. वडगावात आमच्या घरावर वरचा मजला चढवत होतो तेव्हाची गोष्ट. गवंडीमामांनी एका खोलीत भिंतीवर पेन्सिलीने खूण केली, छातीइतक्या उंचीवर. नळीचं एक टोक त्या खुणेपाशी धरलं, दुसरं माझ्या हातात दिलं. म्हणाले, "पलीकडच्या खोलीत जा आणि भिंतीला लावून धर. आधी तो अंगठा काढ." पाणी सांडू नये म्हणून मी नळीच्या तोंडावर अंगठा दाबला होता. अंगठा असला की आत हवा कोंडते आणि पाणी खोटं बोलतं. मध्ये कुठे बुडबुडा अडकला तरी तेच. "बुडबुडा हाय काय बघ!" "नाही वो मामा!" पाणी थोडं वरखाली डुललं, मग थांबलं. थांबलं तिथे मी खूण केली. मामांच्या हाताखालचा कानडी गडी तिकडून ओरडला, "मट्ट सरी ऐति!" लेव्हल बरोबर आहे.

मध्ये अख्खी भिंत. मामा मला दिसत नव्हते, मी त्यांना दिसत नव्हतो. पायाखाली विटांचे तुकडे, वाळू, सिमेंटचा राडा. सपाट असं तिथे काहीच नव्हतं! तरी दोन्ही खुणा एका लेव्हलला होत्या. लेव्हल म्हणजे दोन ठिकाणांच्या उंचीचा मेळ. सपाट जमीन हा त्या मेळाचा फक्त एक प्रकार, जिथे प्रत्येक ठिकाणाची उंची बाकी सगळ्यांशी जुळते.

शब्दाचा जन्मही हेच सांगतो. लॅटिनमध्ये 'लिब्रा' म्हणजे तराजू. तूळ राशीचं इंग्रजी नाव लिब्रा, ते इथूनच. ब्रिटिश पौंडाचं चिन्ह म्हणजे याच लिब्राचा पहिला 'एल', जरा नटवलेला. लिब्राचं लहान रूप 'लिबेला', छोटा तराजू, आणि तेच गवंड्याच्या हत्याराचंही नाव. लिबेला जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आली आणि तिची लेव्हल झाली. म्हणजे आधी हत्यार, मग त्याने मोजली जाणारी गोष्ट. मराठीत या हत्याराला पाणसळ म्हणतात, आणि त्या नावात पाणी आहेच. आज बाजारात मिळते ती बुडबुड्याची काचनळी. तिचा शोध 1661 च्या सुमारास फ्रान्समध्ये मेल्किसेदेक तेव्हनो यांनी लावला. आत पाण्याऐवजी अल्कोहोल, म्हणजे स्पिरिट, कारण ते थंडीत गोठत नाही आणि बुडबुडा त्यात सहज सरकतो. म्हणून तिचं नाव स्पिरिट लेव्हल.

तराजू डोक्यात ठेवला की बाकीचे अर्थ आपोआप उलगडतात. दोन संघांचे गोल सारखे झाले की इंग्रजी समालोचक स्कोअर लेव्हल झाला म्हणतो. लेव्हल-हेडेड माणूस म्हणजे ज्याच्या डोक्याचं पारडं पटकन एका बाजूला झुकत नाही. ऑन द लेव्हल म्हणजे सरळ, लबाडी नसलेला व्यवहार.

टिळकवाडीच्या मंडळींना तर हा शब्द रोज भेटतो. पहिलं गेट, दुसरं गेट. रेल्वेच्या भाषेत ही लेव्हल क्रॉसिंग. रस्ता आणि रूळ एका उंचीवर येऊन एकमेकांना छेदतात, म्हणून लेव्हल. कपिलेश्वरापाशी आता उड्डाणपूल आहे. रस्ता वर गेला, रूळ खाली राहिला, ते क्रॉसिंग लेव्हल उरलं नाही.

पण आपल्या भागात या शब्दाला खरी धार येते ती पावसाळ्यात. चिकोडी, अथणी, कागवाड, रायबाग तालुक्यांतली कृष्णाकाठची गावं. खाली कृष्णेवरच अलमट्टी धरण. जुलै लागला की पारावर एकच विचारणा, "अलमट्टीची लेव्हल किती?" उत्तर येतं, 519 मीटर. नवख्या माणसाला वाटतं, बापरे, अर्धा किलोमीटर खोल पाणी! तसं नाही. हा आकडा पाण्याच्या खोलीचा नाही, पाण्याच्या पृष्ठभागाच्या समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचा आहे. बेळगाव शहर साडेसातशे मीटरच्या आसपास आहे, तेही त्याच मापाने.

आणि समुद्र तरी कुठे स्थिर असतो? भरती, ओहोटी, लाटा. म्हणून सरासरी काढतात. 1909 मध्ये तेव्हाच्या अखंड हिंदुस्थानातल्या नऊ बंदरांवरच्या भरती-ओहोटीच्या नोंदींवरून भारताची समुद्रसपाटी ठरवली गेली. त्या नऊमध्ये आपलं शेजारचं कारवारही आहे. मला ही फार सुंदर गोष्ट वाटते. मामांच्या पेन्सिलीच्या खुणेसारखीच ही खूण, समुद्राच्या काठावर केलेली, आणि तिथून सर्वेक्षकांनी टप्प्याटप्प्याने देशभर नेलेली.

अलमट्टीची सध्याची पूर्ण लेव्हल 519.60 मीटर. कर्नाटकाला ती 524.256 मीटर करायची आहे. 2010 च्या कृष्णा पाणीवाटप लवादाच्या निवाड्यात तशी मुभा आहे, महाराष्ट्राचा विरोध आहे. कागदावर फरक साडेचार मीटरच्या थोडा वर, म्हणजे साधारण पंधरा फूट. पण पाणी आपली लेव्हल शोधत आडवं पसरतं, म्हणून पंधरा फुटांचा प्रश्न कितीतरी गावांच्या शेतांचा होतो. धरणात अडलेल्या पाण्याच्या फुगवट्याने वरच्या भागातला पूर वाढतो का, यावर दोन राज्यांत वाद आहे. 2019 चा पूर ज्यांच्या उंबऱ्याच्या आत आला होता, त्यांच्यासाठी हा आकडा दशांशासकट पाठ करायची गोष्ट आहे.

आता त्या कानडी गड्याचा शब्द, मट्ट. कन्नडमध्ये पाण्याची पातळी म्हणजे नीरिन मट्ट, राज्यस्तरीय म्हणजे राज्य मट्टद. अगदी लेव्हलसारखाच दोन्हीकडे चालणारा. शिवाय 'मट्ट हाकु' म्हणजे एखाद्याला चेपून टाकणं, त्याचा बंदोबस्त करणं. इंग्रजीत बॉम्बने शहर पाडलं की शहर लेव्हल केलं म्हणतात. आपण म्हणतो भुईसपाट केलं. तीन भाषांना एकच चित्र सुचलं! मराठीची आपली खास भर म्हणजे 'पातळी सोडून बोलणं'. तिथे पातळी म्हणजे माणसाने स्वतःसाठी आखलेली रेघ.

जाता जाता मामांकडचा आणखी एक अर्थ, कुठल्या डिक्शनरीत मला न सापडलेला. फरशी बसवायच्या दिवशी ते म्हणाले, "न्हाणीची लेव्हल काढतो." मी म्हटलं, मामा, न्हाणी लेव्हलमध्ये केली तर पाणी साचणार की! ते हसले. त्यांच्या भाषेत न्हाणीची लेव्हल म्हणजे ढाळ, नेमका हवा तेवढा उतार. फरशी बसली, सिमेंट वाळलं, तेव्हा त्यांनी तांब्याभर पाणी दाराशी ओतलं आणि उकिडवे बसून बघत राहिले. पाणी क्षणभर थबकलं, मग कोपऱ्यातल्या जाळीकडे निघालं.