बाहुली आणि नऊ सेकंद

खोलीत तीन खुर्च्या आणि एक पाळणा. पाळण्यात दुपट्यात गुंडाळलेली बाहुली. आईवडील म्हणून बसलेली माणसं अभिनयासाठी बोलावलेली आहेत. दार उघडून आत येणारी वैद्यकीय विद्यार्थिनी मात्र खरी आहे, आणि तिच्या तळहाताला सुटलेला घामही.

तिला आज सांगायचंय, की तुमच्या चार दिवसांच्या मुलीला डाउन सिंड्रोम आहे.

"गुणसूत्रांचा रिपोर्ट आलाय. ट्रायसोमी २१ आहे."

"म्हणजे?" आई विचारते.

आणि विद्यार्थिनी जी सुटते ती थांबतच नाही. एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत जास्त, म्हणजे ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रं, हृदयाचा इको, थायरॉइड, कानांची तपासणी, फिजिओथेरपी. एकही वाक्य चुकीचं नाही. तोंडी परीक्षा असती तर पैकीच्या पैकी मार्क पडले असते. आई पहिल्या वाक्यालाच अडकून पडलीय, हे मात्र तिला दिसत नाही.

रुग्णाची भूमिका करणारी माणसं वैद्यकीय शिक्षणात आणली ती हॉवर्ड बॅरोज या अमेरिकी मेंदूविकारतज्ज्ञानं, १९६३ मध्ये. अनेकांना तेव्हा हा पोरखेळ वाटला. मुळात वाईट बातमी सांगावी का, इथूनच मतभेद होते. १९६१ च्या एका पाहणीत २१९ डॉक्टरांपैकी ९० टक्के डॉक्टर कर्करोगाचं निदान रुग्णाला न सांगण्याच्या बाजूचे निघाले. १९७९ पर्यंत चित्र पार उलटलं: ९७ टक्के सांगण्याच्या बाजूचे. पण सांगायचं कसं? २००० साली कर्करोगतज्ज्ञांसाठी 'स्पाइक्स' ही सहा पायऱ्यांची पद्धत आली. त्यात आधी समोरच्याला काय ठाऊक आहे ते विचारायचं, मग बोलायचं. फक्त तिथं ज्याचा आजार त्यालाच सांगायचं असतं. इथं जिचं निदान, ती पाळण्यात झोपलीय.

सराव थांबतो. आईची भूमिका करणारी बाई सांगते, "नीट बोललात. पण एवढ्या वेळात पाळण्यात एकदाही डोकावला नाहीत."

पुन्हा पहिल्यापासून.

या वेळी विद्यार्थिनी आधी विचारते, "तुम्हाला आतापर्यंत काय सांगितलंय?" वडील म्हणतात, "नर्स तिच्या डोळ्यांबद्दल काहीतरी कुजबुजत होत्या." म्हणजे धास्ती आधीच आत शिरलेली. मग ती निदान सांगते. एका वाक्यात. आणि गप्प बसते.

(निवेदन थांबतं. खोलीतली शांतता तशीच.)

या माहितीपटात हे नऊ सेकंद आम्ही कापलेले नाहीत. संकलनाच्या टेबलावर आम्हालाही ते झेपेनात.

मग आई बोलते. "माझं काही चुकलं का?"

मघाच्या माहितीच्या माऱ्यात या प्रश्नाला जागाच नव्हती.

"नाही. तुम्ही काय खाल्लंत, किती काम केलंत, याचा काही संबंध नाही. पेशी विभागताना एक जास्तीचं गुणसूत्र राहून गेलं, बहुतेक वेळा ते असं अवचितच होतं."

इको आहेच. डाउन सिंड्रोम असलेल्या जवळपास निम्म्या बाळांच्या हृदयात जन्मतः दोष असतो, तेव्हा तपासणी टाळून चालणार नाही. पण ती म्हणते, "ते आपण थोड्या वेळानं बोलू. मी इथंच आहे." आणि बाहुलीचं सरकलेलं दुपटं सारखं करते.

"हिचं नाव काय ठेवायचं ठरवलंय?"

अभिनेत्रीच्या हातातल्या कागदावर याचं उत्तर लिहिलेलं नाही. ती क्षणभर अडते, नवऱ्याची भूमिका करणाऱ्याकडे बघते. दोघंही हसतात.

बाहेर पुढचा विद्यार्थी आपला नंबर येण्याची वाट बघतोय.