जांभळाखालचा नाग

[दृश्य: ओली माती, पालापाचोळा]

मृगाचा पाऊस होऊन आठवडा झालाय. परसातल्या जांभळाखाली मात्र अजून सगळं तपकिरीच आहे. कुजलेली पानं, गांडुळांनी वर काढलेली माती आणि त्यातून वर आलेला हा बोटभर कोंब.

[दृश्य: कोंब उलगडताना, वेगाने]

आधी पान येईल असं वाटतं, पण उठतो तो फणा. पांढरा, घशाशी जांभळट झाक असलेला, पुढे झुकलेला. याचं नाव सापकांदा; शास्त्रीय नाव अरिसिमा मुरायी. सुरणाच्या कुळातला आणि मूळचा फक्त पश्चिम घाटातला.

फणा म्हणजे फूल नव्हे. ते एक बदललेलं पान, महाछद. खरी फुलं आत दांड्याच्या तळाशी असतात, डोळ्यांना जेमतेम दिसतील एवढी.

[दृश्य: उभा चिरलेला फणा, आत चिलटं]

ही चिलटं ओल्या, कुजक्या जागी बुरशीवर वाढणारी. वासाला भुलून नळीत उतरतात आणि गुळगुळीत भिंतीवरून घसरतात. अरिसिमा प्रजातीतल्या कित्येक जातींत नर फुलोऱ्याच्या नळीला तळाशी बारीक फट असते. चिलट परागानं माखून तिथून निसटतं. मादी फुलोऱ्याला ती फट नसते. पराग पोचला, पण पोचवणारा आतच अडकला.

नर आणि मादी ही वेगळी झाडंही नव्हेत. कंद लहान असेल तर नर, अन्न साठवून फुगला की मादी, आणि फळं धरून रोडावला की पुढच्या वर्षी पुन्हा नर.

[दृश्य: मावशींचे हात, कुंडी, कंद]

या मावशींचा पहिला कंद विकतचा होता. कुणीतरी रानातून उकरून आणलेला. तो उन्हाळ्यात सुप्त होता, वर काहीच दिसेना म्हणून मावशींनी मायेनं पाणी घातलं. महिन्याभरात कुजला.

आता कंद कसा लावतात ते नीट बघा. मुळं तळातून नाही, कंदाच्या माथ्यातून फुटतात. म्हणून तो वीतभर नाही, पण चार बोटं तरी खोल हवा. पानांचं खत, जाड रेती, थोडी माती. पाणी साचलं की संपलं. जागा अशी की सकाळचं कवडशांचं ऊन मिळेल आणि दुपार पूर्ण सावलीत जाईल. पाऊस संपून पान पिवळं पडलं की पाणी बंद, थेट पुढच्या पावसापर्यंत. आणि झाडाखालचा पाचोळा झाडून काढायचा नाही. परसाच्या स्वच्छतेचा सोस इथे आवरावा लागतो.

[दृश्य: पान उघडताना, वरून]

फण्यामागोमाग पान येतं. एकाच देठावर गोलाकार मांडलेल्या पर्णिका, छत्रीच्या काड्यांसारख्या. पुढच्या वर्षीचा कंद हेच पान भरतं. शोभा नाही म्हणून ते कापलं तर कंद लहानच राहतो, आणि मग मादी फुलोरा विसरा.

[दृश्य: लालभडक फळांचं कणीस]

पावसाळा सरताना मक्याच्या छोट्या कणसासारखी ही फळं पिकतात. तोंडात घालायची नाहीत. अळूत असतात तसे सुईसारखे स्फटिक यातही असतात, म्हणून गर धुताना हातमोजे. गर पूर्ण निघाला पाहिजे, नाहीतर बी रुजायला खळखळ करतं. पहिल्या वर्षी येतं एक इवलं पान, बस्स. फणा दिसायला पुढे कित्येक पावसाळे जातात.

रानातला कंद उकरून नेला की त्या जागेचं हे सगळं गणित एका कुदळीत संपतं.

[दृश्य: कुंड्यांची रांग, संध्याकाळ]

या अकरा कुंड्या. सगळं घरच्या बियांचं. नऊ कुंड्यांत पान आहे. दोन रिकाम्या दिसतात, पण मावशी त्या हलवू देत नाहीत.