चिठ्ठी दप्तरातच राहते

श्रोतेहो, नमस्कार.

१९०२ साली न्यूयॉर्कच्या शाळांमध्ये डॉक्टर मुलांना तपासायचे आणि खुपऱ्या, उवा, नायटा दिसला की घरी पाठवायचे. घरी ना औषध, ना कुणी सांगणारं. मुलं बाहेरच राहायची. मग लीना रॉजर्स ही परिचारिका नेमली गेली. ती शाळेतच औषधपाणी करायची, घरी जाऊन आईला समजावून सांगायची. मुलं वर्गात परतू लागली.

आज आपल्याकडे काय होतं? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. मुलाला वीस फुटांवरचा तक्ता वाचता आला नाही, तर पुढच्या तपासणीची चिठ्ठी मिळते. चिठ्ठी दप्तरात जाते आणि बऱ्याचदा तिथंच राहते. बाप यंत्रमागावर, आई विड्या वळतेय. दिवस बुडवून दवाखान्यात नेणार कोण? अशा वेळी डॉक्टरपेक्षा पाठपुरावा करणाऱ्या सिस्टरची गरज जास्त, असं माझं स्पष्ट मत आहे.

लोहाची निळी गोळीच घ्या. सहावी ते बारावीच्या मुलामुलींना ती आठवड्यातून एकदा मिळते. पण मळमळतं, शौचाला काळं होतं, म्हणून पोरी ती गुपचूप टाकून देतात. "अगं, काळं होणारच, घाबरू नकोस. जेवून घे, आणि लगेच वर चहा पिऊ नकोस," एवढं सांगणारं माणूस शाळेत हवं. गुरुजींना पोरी हे विचारणार आहेत थोड्याच!

आता कारखान्यांकडे वळू. २०२५ पर्यंत लागू असलेला १९४८ चा कारखाने कायदा म्हणायचा, पाचशेहून जास्त कामगार असतील तर परिचारिकेसह रुग्णोपचार कक्ष हवा. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये पाचशे माणसं कुठून असणार? तो कायदा तिथं कधी पोचलाच नाही. मागांचा खडखडाट मात्र पोचतो. आवाजानं कान जातो तो हळूहळू, आधी उंच पट्टीचा आवाज ऐकू येईनासा होतो. माणसाला स्वतःला कळत नाही. घरचे म्हणतात, टीव्ही केवढ्यानं लावता! आणि असा गेलेला कान परत येत नाही.

विडी कामगार बायकांचं तर कामाचं ठिकाण म्हणजे घरच. पण माल द्यायला त्या जमतात, तिथं थांबतात. रक्तदाबाचं यंत्र आणि हिमोग्लोबिनची तपासणी तिथंच नेली, तर कुणाचाही रोज बुडणार नाही.

दहा-पंधरा शेडवाल्यांनी मिळून एक सिस्टर ठेवावी. नवा कामगार लागला की पहिल्याच आठवड्यात तिनं त्याच्या कानांची तपासणी करून घ्यावी, नोंद ठेवावी आणि दरवर्षी पुन्हा तपासून त्या नोंदीशी ताडून बघावी. फरक दिसला, तर त्याच वेळी कानात घालायला इअरप्लग देता येतील, कामाची पाळी बदलता येईल.