पिक्चर कसा वाटला, भावा?

[दृश्य: खरी कॉर्नर, सकाळची वर्दळ. दुचाक्यांच्या गर्दीतून दिसणारा कॅमेरा स्तंभ.]

निवेदन:

कोल्हापुरात खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा एक स्तंभ उभा आहे. बाबूराव पेंटरांनी 1917 साली महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, त्याची ही खूण. परदेशी कॅमेरा घेण्याची ऐपत नव्हती, तेव्हा तो इथंच घडवला गेला. बंधू आनंदराव काम अर्ध्यावर असताना वारले, तरी ते थांबलं नाही. गायिका तानीबाई कागलकर यांनी पैशाचं पाठबळ दिलं.

या शहराला सिनेमा बघायला कुणी शिकवावं लागत नाही. आणि सिनेमात राजकारण आलं म्हणून हे शहर दचकतही नाही. तरी गेल्या काही वर्षांत इथल्या चहाच्या गाड्यांवर, तालमींच्या कट्ट्यांवर, लग्नाच्या पंगतीत एकच तक्रार ऐकू येते. पिक्चरवाले हल्ली गोष्ट सांगत नाहीत, डोस पाजतात. मालिकेत माणसं बोलत नाहीत, भाषण ठोकतात. कुणाला एका पक्षाचा प्रचार खुपतो, कुणाला दुसऱ्याचा. त्या भांडणात पडण्याआधी हे शहर याच प्रश्नाशी किती वेळा झुंजलंय, ते बघू.

[दृश्य: जुनी जाहिरात-चित्रं, मूकपटातली स्थिरचित्रं.]

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘कीचकवध’ 1907 साली रंगभूमीवर आलं. कथा महाभारतातली. पण प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसला आणि द्रौपदीत आपला देश. हे सरकारच्याही ध्यानात आलं. 1910 मध्ये नाटकावर बंदी आली. त्यानंतर दहा वर्षांनी, 1920 साली, पेंटरांचा पहिला चित्रपट पडद्यावर आला. नाव ‘सैरंध्री’, आणि कथा तीच, कीचकाच्या वधाची. भीमानं कीचकाला मारण्याचं दृश्य इतकं खरं वाटलं की त्याला कात्री लागली. लोकमान्य टिळकांनी पेंटरांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरवलं.

आता त्या काळचा प्रेक्षक डोळ्यांपुढं आणा. पडद्यावर आवाज नाही. ‘इंग्रज वाईट आहेत’ असं कुणी म्हणत नाही. तसं म्हणायची सोयही नाही. तरी थिएटरात बसलेल्या प्रत्येकाला काय बघायचं ते कळलेलं आहे. अर्थ लावण्याचं काम दिग्दर्शकानं प्रेक्षकावर सोपवलेलं आहे. हा विश्वास मला फार मोलाचा वाटतो, आणि आजच्या प्रचारकी सिनेमाचा हिशेब मी त्यावरूनच मांडतो.

1925 साली आला ‘सावकारी पाश’. एक शेतकरी सावकाराच्या कागदात अडकतो, जमीन घालवून बसतो आणि शहरात गिरणीच्या दारात येऊन उभा राहतो. शेतकरी झाले होते तरुण व्ही. शांताराम. राजे-राण्या, देवदेवता आणि चमत्कार यांनी भरलेल्या त्या काळात पेंटरांनी पडद्यावर एक झोपडी आणली, कर्जाचा कागद आणला, भुकेलं घर आणलं. सावकारीविरुद्ध याहून थेट राजकीय चित्रपट त्या काळात सापडणं कठीण. मूकपटात लांबलचक संवाद घालता येत नसे, मधे फार तर एखादी पाटी. त्यामुळं सावकारी वाईट हे सांगायला पेंटरांकडं एकच वाट होती, ती दाखवायची. शेतकऱ्याचे खांदे दाखवायचे, त्याचं रिकामं घर दाखवायचं.

चित्रपट फारसा चालला नाही, हेही सांगितलं पाहिजे. पौराणिक कथांची सवय झालेला प्रेक्षक त्या झोपडीकडं वळला नाही. चांगलं केलं की लोक येतातच, असं नसतं. पण पेंटरांनी हा विषय सोडला नाही. 1936 साली त्यांनी हीच कथा बोलपट म्हणून पुन्हा केली.

मधल्या काळात त्यांच्याच हाताखाली तयार झालेले शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर यांनी सीताराम कुलकर्णींना सोबत घेऊन 1 जून 1929 रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली. त्यांच्या शिवकालीन मूकपटाचं मूळ नाव होतं ‘स्वराज्याचे तोरण’. 1930 साल, मिठाचा सत्याग्रह पेटलेला. ‘स्वराज्य’ हा शब्द सरकारला कसा चालणार? नाव बदलावं लागलं, झेंडा फडकवण्याचं दृश्य छाटावं लागलं, आणि चित्रपट ‘उदयकाल’ म्हणून लागला. शिवाजी महाराजांची भूमिका स्वतः शांतारामांनी केली होती.

[दृश्य: जयप्रभा स्टुडिओचं प्रवेशद्वार.]

भालजी पेंढारकरांचं नाव घेतल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. भालजींनी आपले विचार कधी लपवले नाहीत. ‘वंदे मातरम आश्रम’ या त्यांच्या मूकपटात इंग्रजी शिक्षणपद्धतीवर टीका होती, त्यावरही सरकारची कात्री चालली. गांधीहत्येनंतरच्या दंगलीत, 1948 साली, त्यांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. भालजी पुन्हा उभे राहिले. त्यांच्या चित्रपटांत उपदेश आहे, भरपूर आहे. तरीही ‘साधी माणसं’ आजही घराघरांत लागतो, कारण त्यातला लोहार हा आधी लोहार आहे. त्याचा भाता, त्याची ऐरण, त्याची बायको, शहरात गेल्यावर होणारी त्याची घुसमट, हे सगळं खरं आहे. मग उपदेश आला तरी प्रेक्षक तो ऐकून घेतो. त्या माणसानं तेवढा हक्क कमावलेला असतो.

स्वातंत्र्यानंतर सरकारनं फिल्म्स डिव्हिजन काढलं आणि प्रत्येक खेळाआधी समाचारचित्र दाखवणं थिएटरांच्या परवान्याची अट झाली. धरणं, उद्घाटनं, कुटुंबनियोजन. त्याचं भाडंही थिएटरवाल्यालाच भरावं लागे. जुनी मंडळी सांगतात, न्यूजरील संपेपर्यंत बाहेर उभं राहायचं आणि मग आत जायचं. प्रेक्षकाचं मत नोंदवण्याची ती जुनी रीत.

[दृश्य: खासबाग मैदान, वरून. मग पायऱ्यांवरून खाली आखाड्याकडं उतरणारा कॅमेरा.]

राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेलं हे खासबाग मैदान. कुठंही बसलं तरी आखाडा दिसतो. लागूनच केशवराव भोसले नाट्यगृह, तेही महाराजांनीच 1915 साली उभारलेलं. ऑगस्ट 2024 मध्ये ते आगीत भस्मसात झालं, तेव्हा या शहरात माणसं रस्त्यावर उभी राहून रडली. कुस्तीचा आखाडा आणि नाटकाचा रंगमंच एकाच भिंतीला भिंत लावून. कोल्हापूरच्या प्रेक्षकाची नजर इथं घडली.

इथल्या प्रेक्षकाला नुरा कुस्ती लगेच ओळखू येते. दोघांचं आधीच ठरलेलं असतं. एक जण वेळ बघून पाठ टेकतो, दुसरा मांड्या थोपटत मैदानभर फिरतो. पण वरच्या पायरीवरचा म्हाताराही सांगतो, ‘ही नुरा हाय.’ कारण हरणाऱ्यानं जोरच लावलेला नसतो. वाईट प्रचारपट मला असाच वाटतो. ज्याला पाडायचं, त्याला आधीच मूर्ख, घाबरट, विकृत करून ठेवलेलं असतं. मग नायक त्याला चीत करतो आणि ढोल वाजतात.

याउलट ‘सामना’ आठवा. जब्बार पटेलांचा पहिला चित्रपट, लेखन विजय तेंडुलकरांचं. साखर कारखान्याच्या जोरावर गाव मुठीत ठेवणारा हिंदुराव धोंडे पाटील, आणि दारूनं खंगलेला एक जुना स्वातंत्र्यसैनिक मास्तर. निळू फुले आणि डॉ. श्रीराम लागू. उसाच्या या पट्ट्यात हिंदुराव कुणाला अनोळखी नव्हता. पण तेंडुलकरांनी त्याला राक्षस केलं नाही. तो मास्तरला वाड्यावर ठेवून घेतो, खाऊपिऊ घालतो, त्याच्याशी मोकळं बोलतो. त्यानं गावात काय काय उभं केलंय तेही आपल्याला दिसतं. आपल्याला तो आवडू लागतो, आणि नेमकं तेव्हाच मास्तर गावातून नाहीशा झालेल्या एका माणसाबद्दल विचारतो, ‘मारुती कांबळेचं काय झालं?’ तो प्रश्न आपल्यालाही टोचतो, कारण हिंदुरावाच्या पाहुणचारात आपणही सामील झालेलो असतो. सत्तेविरुद्धचा चित्रपट असा असतो. त्यात दोन्हीकडून जोर लागलेला असतो.

[दृश्य: संध्याकाळ. एका घरातला टीव्ही. समोर भाजी निवडणारे हात.]

टीव्हीकडं येऊ. इथं तक्रारीचा सूर वेगळा आहे. ‘तुझ्यात जीव रंगला’ कोल्हापूरजवळच्या वसगडे गावात चित्रित झाली, तेव्हा ‘चालतंय की’ साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडी बसलं. गावोगावची माणसं तो वाडा बघायला यायची. आपली बोली प्राइम टाइमला ऐकू येते याचा आनंद इथं खरा होता. पण त्यानंतर मालिकांमध्ये ‘कोल्हापुरी’ म्हणून एक साचाच तयार झाला. मिशीला पीळ, पायात करकरणारं पायताण, वाक्यागणिक ‘रांगडा गडी’. बघणाऱ्या बायका विचारतात, ‘आमी कुटं असं बोलतोय?’

आणि मग ‘सामाजिक संदेश’ येतो. शेतकऱ्याची आत्महत्या दोन भागांत उरकते. हुंडा, अंधश्रद्धा, मतदान यांवर नायिका अंगणात उभी राहून एक लांब संवाद म्हणते, गाव टाळ्या वाजवतं, आणि सोमवारपासून पुन्हा सासूचं कारस्थान सुरू. हा संदेश कुणाला पटत नाही असं नाही. हुंड्याच्या बाजूनं कोण उभं राहणार? पण त्या नायिकेनं हुंड्यापायी काय गमावलं ते कधी दिसलेलंच नसतं. रोज एक भाग द्यायचा, म्हणजे लेखकाला पात्राबरोबर राहायला वेळ नाही, हे मला मान्य आहे. तरी घरी बसून बघणाऱ्या बाईला कमी समजू नये. पेंटरांच्या मूकपटातला कीचक कोण, हे तिच्या पणजीला कुणी समजावून सांगितलं नव्हतं.

[दृश्य: पन्हाळा. पावसात भिजलेली तटबंदी. दूरवर मसाई पठार.]

आता सर्वांत नाजूक विषय, इतिहासपट.

2022 साली एकाच लढाईवर दोन मराठी चित्रपट आले, आधी ‘पावनखिंड’ आणि दिवाळीत ‘हर हर महादेव’. ती लढाई कोल्हापूरकरांच्या अंगणात झालेली. दर पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड वाट तुडवणारी शेकडो तरुण मुलं या जिल्ह्यात आहेत. चिखल कसा पाय धरतो, मसाई पठारावर धुकं कसं उतरतं, हे त्यांच्या पायांना ठाऊक आहे. असा प्रेक्षक पडद्यासमोर बसतो तेव्हा त्याला फसवणं सोपं नसतं.

‘हर हर महादेव’वर कोल्हापूरच्या छत्रपती घराण्यातील संभाजीराजे यांनी इतिहासाची मोडतोड केल्याचा आक्षेप घेतला. ठाण्यात एका मल्टिप्लेक्समध्ये चालू खेळ बंद पाडण्यात आला. आक्षेप घेण्याचा हक्क निर्विवाद आहे, तो घेतलाच पाहिजे, पुराव्यानिशी आणि जाहीरपणे. चालू खेळ बंद पाडणं मला मान्य नाही. 1930 साली ‘स्वराज्य’ शब्द पुसणारं सरकार हेच समजत होतं की प्रेक्षकाला स्वतःचं डोकं नाही.

इथं एक अवघड गोष्ट येते. वाईट बनवलेला प्रचार आपोआप पडतो. पण उत्तम बनवलेला? कॅमेरा देखणा, अभिनय कसदार, संगीत अंगावर काटा आणणारं, आणि गोष्ट खोटी? ‘पिक्चर एक नंबर, पण पटला न्हाई’ असं म्हणणारी माणसं मला इथं भेटतात, आणि त्यांच्याबद्दल मला फार आदर वाटतो. डोळ्यांना जे आवडलं ते कबूल करायचं आणि मनाला जे खटकलं तेही सांगायचं, हे सोपं काम नाही. आपल्या बाजूचा चित्रपट असला तर आणखीच अवघड. आपल्या विचाराचा आहे म्हणून रटाळ चित्रपटाला डोक्यावर घेणारे दोन्ही बाजूंना आहेत. मला वाटतं, आपल्या विचाराचं सर्वांत मोठं नुकसान तेच करतात.

पन्हाळ्याचंच बघा. 1660 च्या त्या वेढ्यात सिद्दी जौहर हा कच्चा गडी नव्हता. भर पावसाळ्यातही त्यानं वेढा ढिला पडू दिला नाही. राजापूरचे इंग्रज तोफा घेऊन त्याच्या मदतीला आले होते. एवढा चिवट शत्रू, म्हणून तर शिवा काशिदांचं बलिदान आणि बाजीप्रभूंची खिंड एवढी मोठी. सिद्दीला पडद्यावर विदूषक केलं, की बाजीप्रभूही लहान होतात. एवढं साधं गणित लेखकाच्या टेबलावर का चुकतं, हे मला खरंच कळत नाही.

[दृश्य: मल्टिप्लेक्सचा जिना. पायऱ्यांवर रांग, भगवे आणि निळे गमछे, कॉलेजची मुलं.]

मतं बिघडवणारी आणखी एक गोष्ट, फुकटचं तिकीट. कार्यकर्ते अख्खा खेळ बुक करतात, बस भरून माणसं आणतात, गेटवर फोटो होतात. शिवाय ‘टॅक्स फ्री’चा बोर्ड. 2017 मध्ये जीएसटी आल्यापासून राज्य सरकार तिकिटावरचा फक्त स्वतःच्या वाट्याचा निम्मा कर सोडू शकतं, त्यामुळं खिशाला फरक पडतो तो थोडाच. पण बोर्ड लागला की चित्रपट सरकारी पसंतीचा ठरतो, आणि प्रेक्षक तिकीट काढण्याआधीच दोन गटांत वाटला जातो. फुकट आणलेला माणूस इंटरव्हलला उठून जाऊ शकत नाही. स्वतःच्या पैशानं आलेला जातो, आणि जाताना दोन शब्द सुनावूनही जातो.

पूर्वी हे शब्द पोचत असत. उमा टॉकीज, व्हीनस, शाहू. खेळ सुटला की तिथल्या चौकात पिक्चरची चिरफाड व्हायची, आणि मालकाला गल्ल्यावर बसूनच कळायचं की उद्या गर्दी असेल की नाही. आज टीव्हीचा टीआरपी निवडक घरांतल्या मीटरवरून काढतात. त्यात किती जणांनी बघितलं ते कळतं. चिडून बघितलं, की रिमोट सासऱ्यांच्या हातात होता म्हणून बघितलं, ते कळत नाही.

म्हणून मराठीत राजकीय चित्रपट आणि मालिका करणाऱ्या प्रत्येकाला, तुम्ही कुठल्याही विचाराचे असा, कोल्हापुरातून एक विनंती आहे. तुमचा पहिला खेळ इथं लावा. पास वाटू नका, तिकीट ठेवा. नेत्यांच्या खुर्च्या पुढं मांडू नका. आणि खेळ सुटल्यावर मागच्या दारानं गाडीत बसू नका. बाहेर या, चहा घ्या, आणि समोर येईल त्याला विचारा, पिक्चर कसा वाटला, भावा?