मेसडेक आणि वॉर्डरूम

नमस्कार श्रोतेहो.

नौदलाबद्दल आपण ऐकतो ते बहुधा तोफा, क्षेपणास्त्रं आणि पाणबुड्यांबद्दल. मला आज बोलायचंय ते त्या पोलादी भिंतींच्या आत राहणाऱ्या माणसांबद्दल. मी सिग्नल, म्हणजे संदेशवहन शाखेतला नाविक. सिग्नलमनची जागा ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून हाकतात तिथे, कप्तानापासून चार हातांवर. आणि झोपायची जागा खाली मेसडेकवर, तीन मजली बंकमध्ये. त्यामुळे अधिकारी आपसात काय बोलतात तेही कानावर पडायचं आणि खाली पोरं काय बोलतात तेही.

दोन-अडीचशे माणसांच्या फ्रिगेटवर अधिकारी असतात वीस-पंचवीस. ते वॉर्डरूममध्ये जेवतात, नाविक मेसमध्ये. मधे दोन जिने आणि एक पॅसेज, पण ते अंतर मोठं असतं. हुद्द्याची उतरंड जहाजावर लागतेच. आग लागली, पाणी शिरलं, तर हुकूम कोणाचा यावर चर्चा करायला वेळ नसतो. प्रश्न एवढाच, की ज्याचा हुकूम मानायचा त्या माणसाला आपलं नाव, आपलं गाव, घरी आजारी असलेली आई माहीत आहे का?

समुद्रावर दिवस पहाऱ्यांत मोजतात. चार-चार तासांचे पाच वॉच आणि संध्याकाळी चार ते आठच्या दरम्यान दोन-दोन तासांचे दोन, ज्यांना डॉग वॉच म्हणतात. असे सात होतात. आकडा विषम ठेवलाय तो मुद्दाम, म्हणजे एकाच माणसाच्या नशिबी रोज रात्री बारा ते चारचा मिडल वॉच येत नाही. ज्या कोणी ही व्यवस्था बसवली, त्याला माणसाची कदर होती असं मला नेहमी वाटत आलंय. मिडल वॉचला गॅलीतून, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरातून, चहाची किटली वर येते. लाटांत जहाज कलत असताना ती न सांडता जिन्यावरून आणणं ही एक कलाच आहे. त्या वेळी काळोखात उभा असलेला ड्यूटीवरचा लेफ्टनंट आणि कोवळा नाविक एकाच किटलीतला चहा पितात. कोकणातली पोरं तेव्हा गावाकडच्या गोष्टी सांगतात, आणि पंजाबातला किंवा केरळातला अधिकारी ऐकत असतो. माझ्या मते खरी ओळख तिथे होते.

कागदावरची व्यवस्थाही आहे. नाविकांचे गट पाडलेले असतात, त्यांना डिव्हिजन म्हणतात, आणि प्रत्येक डिव्हिजनला एक अधिकारी नेमलेला असतो. रजा, बढती, घरची अडचण, पगारातली गडबड, सगळं त्याच्यामार्फत वर जातं. अर्ज असलेले नाविक ठरलेल्या वेळी रांगेत उभे राहतात, एकेकाचं नाव पुकारलं जातं, पुढे यायचं आणि म्हणणं मांडायचं. गाऱ्हाणं मात्र एकेकट्यानेच मांडायचं. दहा जणांनी मिळून मांडलं तर ते शिस्तीच्या विरुद्ध. हा नियम ब्रिटिशांच्या काळापासूनचा. टेबलापलीकडचा माणूस ऐकणारा असेल, तर यात काही वावगं नाही. तो ऐकणारा नसेल तर काय होतं, हे मुंबईने 1946 मध्ये पाहिलं.

दुसऱ्या महायुद्धात रॉयल इंडियन नेव्ही, म्हणजे ब्रिटिश अमलाखालचं भारतीय नौदल, झपाट्याने वाढली. आधी या नौदलात रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे, विशेषतः कोकणी मुसलमान घरांतले दर्यावर्दी पुष्कळ असत. युद्धात देशभरातून शिकलेली तरुण पोरं आली. भरतीच्या जाहिरातींत चांगलं अन्न, चांगला पगार, पुढे नोकरी असं सगळं होतं. प्रत्यक्षात तेच काम करणाऱ्या ब्रिटिश नाविकापेक्षा पगार कितीतरी कमी, ताटात खड्यांची डाळ, आणि वर शिव्या. युद्ध संपलं तसा या नाविकांना घरी पाठवण्याचा प्रश्न उभा राहिला, आणि दिल्लीत आझाद हिंद फौजेच्या अधिकाऱ्यांवर खटले चालू होते. ही पोरं वर्तमानपत्रं वाचत होती.

कुलाब्याला ‘तलवार’ नावाचं सिग्नल शिक्षण केंद्र होतं. म्हणजे माझ्याच शाखेचं. तिथे बलाईचंद्र दत्त आणि त्यांच्या सोबत्यांनी भिंतींवर ‘क्विट इंडिया’ लिहिलं आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला दत्त यांना अटक झाली. केंद्राचा प्रमुख कमांडर किंग याने नाविकांना त्यांच्या जातकुळीवरून, आईबापांवरून घाणेरड्या शिव्या दिल्या. नाविकांनी काय केलं? नियम पाळला. एकेकट्याने लेखी तक्रारी दिल्या. आणि त्या तक्रारी पुन्हा त्याच किंगपुढे गेल्या!

मी स्वतः या अर्जांच्या रांगेत उभा राहिलेला माणूस आहे. ज्याने आईवरून शिवी दिली त्याच्याच पुढे उभं राहायचं, ही कल्पना मला आजही सहन होत नाही.

18 फेब्रुवारी 1946 ला सकाळी ‘तलवार’वरच्या पोरांनी नाश्ता नाकारला. जेवण नाही तर काम नाही. ते सिग्नलवाले होते, वायरलेस त्यांच्या हातात होता. बातमी बंदरातल्या जहाजांवर आणि तिथून कराची, मद्रास, विशाखापट्टणम, कलकत्त्यापर्यंत गेली. पाच दिवसांत सत्तरहून अधिक जहाजं आणि सुमारे वीस हजार नाविक त्यात सामील झाले. त्यांनी निवडलेल्या संप समितीचे अध्यक्ष एम. एस. खान, उपाध्यक्ष मदनसिंग. एक मुसलमान, एक शीख, आणि दोघेही संदेशवहनाच्या शाखेतले. डोलकाठ्यांवर काँग्रेस, मुस्लिम लीग आणि कम्युनिस्ट असे तिन्ही झेंडे चढले. मागण्यांत डाळभात होता, ब्रिटिश नाविकांइतका पगार होता, किंगवर कारवाई होती. आणि आझाद हिंद फौजेच्या कैद्यांची सुटका आणि इंडोनेशियातून भारतीय फौजा परत आणणं हेही होतं. हा उठाव नुसता जेवणासाठी झाला असं कोणी म्हणालं तर मला ते मान्य नाही. पण पहिली ठिणगी ताटात पडली, हेही विसरू नये. माणूस राजकारण समजून घेतो डोक्याने, अपमान पचवतो पोटात, आणि एक दिवस दोन्ही एकत्र येतात.

21 तारखेला नाविक राहत त्या कॅसल बॅरॅक्सवर गोळीबार सुरू झाला. तीच जागा आज ‘आयएनएस आंग्रे’ म्हणून ओळखली जाते. त्याच दिवशी नौदलप्रमुख व्हाइस ॲडमिरल गॉडफ्री रेडिओवर बोलले. नौदल नष्ट झालं तरी बेहत्तर, पण शिस्त मोडू देणार नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. श्रोतेहो, याच माध्यमातून तो आवाज मुंबईच्या घराघरांत गेला. आणि मुंबईने उत्तर काय दिलं? गेटवेवर माणसं फळं, पाव, भाकरी, दुधाची भांडी घेऊन आली. उपाशी नाविकांच्या होड्या धक्क्याला लागत आणि लोक जमेल ते त्यांत चढवत. 22 तारखेला गिरण्या बंद पडल्या. परळला गोळीबारात कम्युनिस्ट कार्यकर्त्या कमल दोंदे मारल्या गेल्या. त्या दोन-तीन दिवसांत शहरात दोनशेहून जास्त माणसं मेली. 23 ला, सरदार पटेलांच्या सल्ल्यानंतर, नाविकांनी संप मागे घेतला. पुढे शेकडोंना नोकरीतून काढलं गेलं. स्वातंत्र्यानंतरही बहुतेकांना परत घेतलं नाही. ही गोष्ट माझ्या मनाला लागून राहिली आहे.

न्यायमूर्ती फझल अली यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. अन्न, पगार, अधिकाऱ्यांची वागणूक, ऐकून घेण्याची तयारी नसणं, सगळं त्यात नोंदलं गेलं. मालाडजवळ मार्वेला ‘आयएनएस हमला’ आहे. 1946 मध्ये तिथले नाविकही उठावात होते. आज तिथे नौदलाचे आचारी शिकतात. मला हे फार योग्य वाटतं.

पंचवीस वर्षांनी, 9 डिसेंबर 1971 च्या रात्री, दीवच्या समुद्रात ‘आयएनएस खुकरी’वर पाकिस्तानी पाणबुडी ‘हंगोर’ने टॉर्पेडो मारला. जहाज काही मिनिटांत गेलं. 18 अधिकारी आणि 176 नाविक बुडाले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडण्याचा हुकूम दिला, आपलं जीवरक्षक साहित्य एका नाविकाला दिलं, आणि आणखी कोणाला बाहेर काढता येईल का हे पाहायला परत ब्रिजवर गेले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. त्यांच्या मानपत्रात जे लिहिलंय, ते मी इतकंच सांगतो, वाढवून सांगत नाही.

लोक मुल्लांच्या शौर्याबद्दल बोलतात, आणि बोलायलाच हवं. पण मी सिग्नलमन म्हणून त्या ब्रिजचा विचार करतो. काळोख, कललेलं डेक, तेलाचा वास. अशा वेळी कप्तानाने ‘जा’ म्हटल्यावर नाविक जातो, कारण आपल्याला आधी बाहेर काढलं जाईल हा भरवसा त्याला असतो. आणि तो भरवसा त्या रात्री मिळालेला नसतो. तो कितीतरी मिडल वॉचमध्ये, कितीतरी अर्जांच्या रांगांत, रोजच्या जेवणाच्या वेळी गॅलीत डोकावून ‘काही तक्रार?’ असं विचारणाऱ्या अधिकाऱ्याकडून मिळालेला असतो. किंगने नेमकं हेच उधळलं होतं.

नव्या जहाजांवर मेसडेक प्रशस्त झालेत, वातानुकूलित झालेत. स्त्री अधिकारी युद्धनौकांवर आल्या, अग्निवीर म्हणून मुलीही नाविक झाल्या. पाणबुडीत तर एकच गॅली असते आणि कप्तानापासून शेवटच्या पोरापर्यंत सगळे तेच जेवतात. कोकणातल्या, देशावरच्या घरांतून आजही मुलं-मुली भरतीला जातात. त्यांच्या आईवडिलांना माझं एक सांगणं आहे. मूल रजेवर आलं की जहाज केवढं, तोफ केवढी हे विचारालच. सोबत त्याच्या डिव्हिजनल ऑफिसरचं नावही विचारा. आणि त्या साहेबांना तुमच्या गावाचं नाव ठाऊक आहे का, तेही विचारा.

दीवला गेलात तर टेकडीवर ‘खुकरी’चं स्मारक आहे, काचेच्या घरात जहाजाची प्रतिकृती ठेवलेली आहे. कुलाब्यात 1946 च्या नाविकांचंही स्मारक आहे. पहिल्या ठिकाणी लोक जातात. दुसऱ्या ठिकाणीही जा.

नमस्कार.