मी बोलावलं नाही, जाऊन नीज

नमस्कार मंडळी. मला आज विषय दिलाय ख्रिस्ती शिक्षकाचं आध्यात्मिक पाचारण, आणि खरं सांगते, पाचारण हा शब्द आमच्या चर्चमधल्या लोकांना रोजचा असला तरी बाकीच्यांना तो बोलावणं-आमंत्रणासारखा वाटतो. तसाच आहे तो. देवाने नाव घेऊन हाक मारली आणि माणूस गेला, एवढाच अर्थ. आता मला कोणी हाक मारली होती का? तर नाही. बारावीला मार्क कमी पडले, नर्सिंगला नंबर लागला नाही, मावशी म्हणाली डीएड कर, मी डीएड केलं. पुढे एकतीस वर्षं नगर जिल्ह्यात, म्हणजे आता अहिल्यानगर म्हणायचं, गणित शिकवलं.

त्यामुळे दर वर्षी शिक्षक रविवारी पाळकसाहेब शमुवेलाची गोष्ट काढायचे तेव्हा मला जरा चोरट्यासारखं व्हायचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. शमुवेल हा लहान मुलगा, आईने नवस फेडायला देवाच्या मंदिरात आणून सोडलेला, तिथे एली नावाच्या म्हाताऱ्या याजकाच्या हाताखाली राहतोय. रात्री हाक येते. पोरगं उठून धावत एलीकडे जातं, तुम्ही बोलावलंत ना? एली म्हणतो, मी बोलावलं नाही, जाऊन नीज. परत हाक, परत तेच. तिसऱ्यांदा आल्यावर मात्र एलीच्या डोक्यात प्रकाश पडतो, तो सांगतो की आता हाक आली तर म्हण, बोल, तुझा दास ऐकत आहे.

मी इतकी वर्षं स्वतःला शमुवेल समजून गोष्ट ऐकत होते आणि वाईट वाटून घेत होते की मला काही ऐकू येत नाही. रिटायर व्हायच्या आसपास केव्हातरी लक्षात आलं की अगं बाई, तू शमुवेल नाहीस, तू एली आहेस! शिक्षक एलीच असतो ना. त्याला तो आवाज ऐकू आलाच नाही, हाक पोराला होती. डोळे अधू झालेले, स्वतःची दोन पोरं वाया गेलेली, आणि पहिल्या दोन वेळा तर त्याने चुकीचंच उत्तर दिलं, जाऊन नीज. पण तिसऱ्यांदा त्याला कळलं की याला कोणीतरी बोलावतंय आणि ते बोलावणं माझं नाही. ते "माझं नाही" म्हणता येणं, मला वाटतं आमच्या धंद्यात सगळ्यात अवघड तेच आहे.

आता आमच्या नगरचंच बघा. अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फरार बाई. आडनाव फरार, पण पळून जाणाऱ्यातल्या नव्हत्या बरं का! १८२७ च्या अखेरीला मुंबईत उतरल्या, लग्न न झालेली बाई एकटी, मुलींच्या शाळा चालवल्या, तब्येत बिघडली म्हणून अमेरिकेला परत गेल्या आणि बरं वाटल्यावर पुन्हा आल्या, १८३९ ला नगरला. १८६२ ला इथेच गेल्या. त्यांची मुलींची शाळा जोतिराव फुल्यांनी येऊन पाहिली, सावित्रीबाईंनी शिकवण्याचे धडे नगरला त्यांच्याकडे घेतले असं चरित्रांत येतं, आणि १८४८ ला पुण्यात भिडे वाड्यात काय झालं ते मी सांगायला नको. जोतिराव स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. पण दोघं ख्रिस्ती झाले का? नाही झाले. १८७३ ला जोतिरावांनी सत्यशोधक समाज काढला, आपली वाट आपण पाडली. मिशनऱ्यांना माणसं ख्रिस्ताकडे यावीत असंच वाटत होतं, त्यात लपवण्यासारखं काही नाही, पण त्यांच्या शाळेतून निघालेली हाक भलतीकडेच गेली आणि महाराष्ट्राला जे मिळालं ते त्यातून मिळालं. माझ्या मते फरार बाईंचं पाचारण त्यामुळे कमी पडलं नाही. उलट.

आणि रेव्हरंड टिळक, नारायण वामन. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात ठोंबरे नावाचा पोरगा बालकवी झाला, तो पुढे नगरला टिळकांच्या घरात राहिला, लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या पोरासारखा सांभाळला. टिळकांनी त्याला जपलं ते कवितेसाठी, त्याला ओढत चर्चमध्ये नेलं नाही. हाक कशाची आहे ते त्यांनी ओळखलं होतं.

इथे एक कडू गोष्ट पण बोलून टाकते. पाचारण, सेवा हे शब्द आले की काही संस्थाचालकांचे कान टवकारतात, सेवा म्हणजे पगार कमी दिला तरी चालतो. एका ठिकाणी मी स्वतः सही एका आकड्यावर केलीय आणि हातात दुसराच आकडा घेतलाय, तेही चेअरमनसाहेबांनी प्रार्थना घेतल्यावर! आपल्या राज्याने तर शब्दच काढला, शिक्षणसेवक. तीन वर्षं सेवक, मग शिक्षक. प्राथमिकला वर्षानुवर्षं महिना ६ हजार मानधन होतं, २०२३ पासून १६ हजार झालं. देवाने बोलावलं असलं तरी किराणावाला बिल देवाला पाठवत नाही हो.

बरं, मग वर्गात ख्रिस्तीपण कुठे दिसायचं? माझ्या वर्गात साठ पोरं, त्यात ख्रिस्ती तीन-चार. वर्गात उपदेश मी कधी केला नाही. अनुदानित शाळेत मुलावर धर्मशिक्षणाची सक्ती करता येत नाही हे घटनेच्या २८ व्या कलमात आहे, पण ते नसतं तरी केला नसता, पोरगं खुर्चीतल्या बाईला नाही म्हणू शकत नाही, त्याचा फायदा काय घ्यायचा. माझी प्रार्थना एकच, हजेरी. एकेक नाव घ्यायचं, मान वर करून तोंड बघायचं, "हजर बाई" ऐकायचं, मग पुढचं नाव. इतरांना वाटायचं बाई हजेरीला फार वेळ लावतात.

तरी एलीसारखी मी चुकलेच. सातवीत एक मुलगा होता, घरी खंडोबाचं, वडील मुरूम-वाळूच्या ट्रॅक्टरवर. घनफळ चाललं होतं. फळ्यावर मी गणित दिलं, खड्डा २० फूट लांब, १० फूट रुंद, ५ फूट खोल, माती किती निघेल. मी चाळीस ओळी तपासेपर्यंत हा टेबलाशी हजर, वहीत फक्त "१० ब्रास". रीत नाही, काही नाही. म्हटलं चूक, जा, रीत लिहून आण. परत आला, परत तेच, जा जागेवर बस. तिसऱ्यांदा आला तेव्हा डोळ्यांत पाणी होतं पण वही तशीच. मग पेन खाली ठेवला आणि म्हटलं तोंडी सांग बरं. तर तो हात पसरून सांगायला लागला, बाई, आमची ट्रॉली दहा बाय पाच, दोन फूट भरली की एक ब्रास. या खड्ड्यात खाली चार ट्रॉल्या बसत्यात. दोन फुटाचा एक थर, पाच फुटाला अडीच थर. चार अडीच दहा.

ब्रास म्हणजे शंभर घनफूट. माझं उत्तर हजार घनफूट. पोराचं बरोबर होतं, आणि मी त्याच्या वहीवर दोनदा लाल फुली मारलेली. वर्गासमोर उभा करून त्याला फळ्यावर ट्रॉल्या काढायला लावल्या, त्या दिवशी अर्ध्या वर्गाला घनफळ पहिल्यांदा कळलं, आणि खरं म्हणजे मलाही.

दोन वर्षांपूर्वी घराच्या प्लॉटवर भर टाकायची होती, कोणीतरी जेसीबीवाला पाठवला, तर हाच. प्लॉटभर एक चक्कर मारली, पायाने दोन ठिकाणी दाबून बघितलं आणि म्हणाला, बाई, चौदा ब्रास. मी म्हटलं रीत लिहून दे. तो हसायला लागला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला, मला हाताने थांबा अशी खूण केली, फोन कानाला लावला आणि म्हणाला, "बोला, ऐकतोय."